रेख एबी, रेषा एबी, किरण एबी : भूमितीत नावं कशी द्यायची आणि का?

पाटीपेन्सिल

मी सहावी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. राज्य मंडळाची आणि सीबीएसईची मुलं एकाच खोलीत बसतात, त्यामुळे भूमिती सुरू झाली की नावांवरून प्रश्नांची सरबत्ती होते. "मॅडम, एबी म्हटलं काय आणि बीए म्हटलं काय, फरक काय पडतो?" हा त्यातला ठरलेला प्रश्न. खरं उत्तर असं की काही ठिकाणी अजिबात पडत नाही आणि काही ठिकाणी अख्खी सिद्धता कोसळते. कुठे पडतो आणि कुठे नाही, हे मुलांना नीट सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

(अक्षरं देवनागरीतच लिहिते आहे. ए, बी, सी म्हणजे पुस्तकातली मोठी इंग्रजी अक्षरं. छोटं अक्षर असेल तिथे तसं सांगेन.)

सगळ्यांना माहीत असलेलं आधी पटकन. बिंदूला एक मोठं अक्षर. रेषेला तिच्यावरचे कोणतेही दोन बिंदू, नाहीतर एकच छोटं अक्षर, बहुधा एल, एम, एन. किरणाला दोन अक्षरं, त्यात आरंभबिंदू आधी. कोनाला तीन, शिरोबिंदू मधोमध.

आता एनसीईआरटीच्या सहावीच्या जुन्या पुस्तकातला एक प्रश्न बघा. एका रेषेवर ए, बी, सी, डी असे चार बिंदू दिलेत. एका वेळी दोनच अक्षरं घेऊन रेषेची बाराही नावं लिहा. मला हा प्रश्न फार आवडतो, पण पुस्तक तिथेच थांबतं आणि खरी मजा त्यापुढे आहे. मुलं एबी, एसी, एडी, बीए करत बारा नावं लिहितात. मग मी विचारते, रेषा किती? एक. तीच बारा नावं रेषाखंडांची समजा. आता रेषाखंड किती? सहा, कारण एबी आणि बीए एकच, पण एबी आणि एसी वेगवेगळे. आणि किरणांची समजली तर? पुन्हा सहाच, पण जोड्या निराळ्याच लागतात: किरण एबी, एसी आणि एडी हे तिन्ही एकच, पण एबी आणि बीए वेगळे. ए पासून एक किरण, बी पासून दोन, सी पासून दोन, डी पासून एक.

त्याच बारा नावांत एकदा एक वस्तू, एकदा सहा आणि पुन्हा निराळ्याच सहा. म्हणजे नुसतं "एबी" हे नाव पुरं नाहीच. त्याच्या आधी रेषा, रेख (म्हणजे रेषाखंड) की किरण हे लागतं, तेव्हा कुठे वस्तू डोळ्यांपुढे उभी राहते. एखादा चौकस मुलगा विचारतो की ए पासून उलट्या दिशेला जाणारा किरण राहिला की! राहिलाच. त्याच्यावर दुसरा बिंदू नाही, म्हणून त्याला नाव देता येत नाही. नाव हवं तर आधी तिकडे एक बिंदू घ्यायचा.

तुम्ही हे कसं शिकलात, कसं शिकवता? चौकोनाच्या नावातला क्रम आणि एकरूप त्रिकोणांतला क्रम याबद्दल विशेष वाचायला आवडेल.

निळी_शाई

फार गरजेचा धागा. मी मराठी माध्यमात शिकवते. आपल्या पुस्तकांत "रेख एबी" असा शब्द नावाच्या आधी येतो, ही पद्धत मला तरी सर्वांत चांगली वाटते. मुलांना वर काढायच्या रेघा आणि बाण लक्षात ठेवावे लागत नाहीत, आणि वाचताना जे तोंडून निघतं तेच वहीत उमटतं.

सीबीएसईकडून आलेल्या मुलांची अडचण वेगळी असते. सहावीत त्यांनी अक्षरांवर आडवी रेघ म्हणजे रेषाखंड, एका टोकाला बाण म्हणजे किरण, दोन्ही टोकांना बाण म्हणजे रेषा असं शिकलेलं असतं. नववीच्या पुस्तकात मात्र स्पष्ट सांगितलेलं असतं की इथून पुढे ही चिन्हं वापरणार नाही. रेषाखंड, किरण, रेषा आणि लांबी या चारही गोष्टींना एबीच म्हणू, काय ते संदर्भावरून कळेल. ज्याचा पाया पक्का त्याला कळतंही. ज्याचा कच्चा त्याच्यासाठी चारही गोष्टींचा काला होतो.

चौघांपैकी सगळ्यांत जास्त घोटाळा रेषाखंड आणि त्याची लांबी यांत. रेषाखंड म्हणजे बिंदूंचा संच, लांबी म्हणजे संख्या. आपल्याकडे लांबीसाठी कंसाआधी छोटा एल लिहितात: एल(एबी) = 5. दोन रेषाखंड "एकरूप" असतात, दोन लांब्या "समान" असतात. रेख एबी आणि रेख सीडी समान आहेत असं एखादा लिहितो तेव्हा त्याच्या मनात लांबी असते, पण कागदावर त्याने दोन वेगळ्या जागच्या रेषाखंडांना एकच ठरवलेलं असतं. कोनाचंही तसंच. कोन ही आकृती, त्याचं माप ही संख्या. म्हणून मापासाठी कोनाच्या चिन्हाआधी छोटा एम लिहायची रीत.

पेपर तपासताना एवढ्यावरून गुण कापू नयेत, असं माझं मत आहे. पण वर्गात मी दर वेळी थांबवते आणि विचारते, "वस्तू म्हणतोयस की संख्या?"

दुर्वांकुर

मी थोडा विरुद्ध बाजूने लिहितो. सध्या गणितात एमएस्सी करतोय. वरच्या वर्गांत कुणीही आडव्या रेघा आणि बाण काढत बसत नाही. एबी लिहिलं की पुढचं वाक्यच सांगतं ती लांबी आहे की रेषा. "एबी आणि सीडी एका बिंदूत छेदतात" यात संख्या छेदत नाहीत हे सहावीच्या मुलालाही कळतं. शाळेत या चिन्हांचं इतकं अवडंबर माजतं की मुलाला भूमिती म्हणजे चिन्हांचं पाठांतर वाटायला लागतं. जर्मन गणिती हिल्बर्टने 1899 साली भूमितीची स्वयंसिद्धकं (सिद्धतेशिवाय मान्य करायची मूळ विधानं) नव्याने मांडली तेव्हा त्याने सुरुवातीलाच एवढंच ठरवून टाकलं: बिंदूंना मोठी अक्षरं, रेषांना छोटी, प्रतलांना ग्रीक. तीन प्रकारच्या वस्तू, तीन प्रकारची अक्षरं. इतकी साधी सोय पुरते.

पाटीपेन्सिल

दुर्वांकुर, तुमचं म्हणणं समजलं आणि अर्धं मान्यही आहे. बाण काढायला लावून मुलांना घाबरवू नये. पण संदर्भ समजायला जी सवय लागते ती तुमच्याकडे आहे, बारा वर्षांच्या मुलाकडे अजून यायची आहे. ती येईपर्यंत "रेख" हा दोन अक्षरी शब्द लिहिल्याने काही बिघडत नाही.

आणि क्रमाचा मुद्दा चिन्हांपेक्षा खोल आहे. एक उदाहरण सविस्तर देते, वर्गात मी हेच घेते.

समांतरभुज चौकोन एबीसीडी घ्या आणि कर्ण एसी काढा. दोन त्रिकोण झाले. ते एकरूप आहेत हे सिद्ध करायचं. बाजू एबी आणि डीसी समांतर, म्हणून व्युत्क्रम कोन बीएसी आणि डीसीए समान. बीसी आणि एडी समांतर, म्हणून कोन बीसीए आणि डीएसी समान. मधली बाजू एसी दोघांत सामाईक. कोबाको (कोन-बाजू-कोन) कसोटीने काम झालं. आता शेवटची ओळ. बरीच मुलं लिहितात: त्रिकोण एबीसी एकरूप त्रिकोण एडीसी. दिसायला किती छान दिसतं! ए ला ए, सी ला सी, दोन्ही शिरोबिंदू सामाईक, मग बी ला डी.

पण ही ओळ काय म्हणते ते वाचा. पहिली दोन अक्षरं पहिल्या दोनशी: एबी = एडी. म्हणजे लगतच्या बाजू समान, म्हणजे जगातला प्रत्येक समांतरभुज चौकोन समभुज! सिद्धतेतली एकही पायरी चुकलेली नाही, फक्त नावाचा क्रम चुकला, आणि निष्कर्ष खोटा निघाला. बरोबर संगती अशी: ए ला सी, बी ला डी, सी ला ए. त्रिकोण एबीसी एकरूप त्रिकोण सीडीए. आता एबी = सीडी, बीसी = डीए, सगळं जसं हवं तसं. कर्ण एसी सीए वर जातो, म्हणजे उलटा होऊन स्वतःवरच बसतो. ही गोष्ट आकृतीकडे नुसतं बघून चटकन लक्षात येत नाही, नाव मात्र ती सांगून जातं.

म्हणून मी मुलांना सांगते, कसोटी लिहिण्याआधी "एकास एक संगती" बाणांनी लिहा आणि नाव त्यावरूनच उतरवा.

दुर्वांकुर

उदाहरण अप्रतिम आहे. संगतीच्या क्रमाबद्दल शंभर टक्के सहमत, तिथे सूट नकोच. डोक्यावरच्या रेघांबद्दल माझं मत कायम.

जुनी_वही

या नावांचा प्रवास फार लांबचा आहे, त्याबद्दल थोडं.

ग्रीक गणिती युक्लिडने इ.स.पू. 300च्या सुमारास 'मूलतत्त्वे' हा भूमितीचा ग्रंथ लिहिला तेव्हापासून बिंदूंना अक्षरं आहेत: अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा. पहिल्याच प्रमेयातला समभुज त्रिकोण म्हणजे अल्फा-बीटा-गॅमा. कोनाला तीन अक्षरं आणि शिरोबिंदू मध्ये, ही रीतही त्याच्याकडे आहे. दुर्वांकुर म्हणतात ती मोठ्या-छोट्या अक्षरांची सोय मात्र त्याला नव्हती, कारण ग्रीक लिपीतली लहान अक्षरं कित्येक शतकांनंतर आली. त्यामुळे पहिल्या पुस्तकातल्या तिसऱ्या प्रमेयात दोन रेषा दिल्या आहेत, त्यांतल्या एकीचं नाव अल्फा-बीटा आणि दुसरीचं नुसतं गॅमा! बिंदूला आणि रेषेला एकाच प्रकारचं अक्षर. काय आहे ते वाक्यातल्या शब्दांवरूनच कळायचं. निळी_शाई यांची "रेख" लिहायची पद्धत त्या जुन्या रीतीला जवळची आहे.

पुढे हे पुस्तक अरबीत गेलं तेव्हा अक्षरं क्रमाने बदलली: अलिफ, बे, जीम, दाल. तेराव्या शतकात इराणी गणिती नसिरुद्दीन तुसीने त्याची अरबी आवृत्ती केली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जयपूरचा राजा सवाई जयसिंग याच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने त्या अरबी ग्रंथावरून संस्कृतात 'रेखागणित' रचलं. त्यातल्या आकृतींवरची अक्षरं अ, ब, ज, द. क, ख, ग नाहीत, अ, आ, इ सुद्धा नाहीत! गॅमाचा जीम झाला आणि जीमचा ज. युक्लिडचा त्रिकोण "अबज" होऊन आपल्याकडे आला. हा ग्रंथ पुढे 1901-02 मध्ये मुंबईत संस्कृत ग्रंथमालेत छापला गेला.

मराठी शाळांमध्ये भूमिती आली ती इंग्रजीच्या वाटेने, म्हणून आपल्या जुन्या पुस्तकांतला त्रिकोण "अबक". ए, बी, सी चे अ, ब, क आणि चौथा ड. आजही प्रश्नपत्रिकेतले पर्याय आणि सरकारी पदांचे गट याच क्रमाने चालतात. तिसऱ्या जागेवरचं अक्षर बघितलं की भूमिती कुठल्या वाटेने आली ते कळतं: जयपूरला ज, मुंबई-पुण्याला क.

उंबरठा

अबक त्रिकोणाची आठवण काढलीत! माझ्या आईच्या वहीत "रेषा कप" आणि "कोन बसम" असली नावं होती. देवनागरी अक्षरं जोडली की शब्द तयार होतो आणि मूल तो शब्दच वाचतं. शिवाय देवनागरीत मोठं-छोटं अक्षर नाही, म्हणजे बिंदू अ आणि रेषा अ यांना वेगळं करायला जागाच नाही. बाजू आणि तिच्यासमोरचा कोन यांना एकाच अक्षराचं मोठं-छोटं रूप द्यायची जी सोय आहे (बाजू छोटा ए, समोरचा शिरोबिंदू मोठा ए), ती त्रिकोणमितीत किती उपयोगी पडते! साइनचं सूत्र त्यामुळेच लक्षात राहतं: छोटा ए भागिले साइन मोठा ए, आणि तसंच पुढे बी, सी. अठराव्या शतकातल्या गणिती ऑयलरच्या लेखनातून ही पद्धत रूढ झाली. मराठी माध्यमाच्या पुस्तकांनी पुढे इंग्रजी अक्षरं घेतली ते मला म्हणूनच योग्य वाटतं. संज्ञा मराठी, अक्षरं जगभरची. शिरोलंब, मध्यगा, अंतर्मध्य, परिमध्य हे शब्द आपलेच राहिले, तेवढं पुरे.

सीनकाठी

मी फ्रान्समध्ये राहते, मुलगी इथल्या शाळेत जाते. इथली पद्धत तुम्हाला आवडेल. सगळं कंसांवर. दोन्ही बाजूंना चौकटी कंस, [एबी], म्हणजे रेषाखंड. दोन्ही बाजूंना गोल कंस, (एबी), म्हणजे रेषा. डावीकडे चौकटी आणि उजवीकडे गोल, [एबी), म्हणजे ए पासून निघालेला किरण. कंस नसेल तर लांबी. चौकटी कंस म्हणजे तिथे थांबलो, गोल म्हणजे पुढे चालू. डोक्यावर रेघ नाही, बाण नाही, आणि कीबोर्डवर सरळ टंकता येतं. तिला भारतातलं पुस्तक दाखवलं तेव्हा तिने पहिल्यांदा विचारलं, "यांचे कंस कुठे गेले?"

निळी_शाई

सीनकाठी, हे सुंदर आहे. पुढे संख्यारेषेवरचे अंतराल शिकताना हेच कंस याच अर्थाने कामी येत असतील, टोक धरलं की सोडलं.

सीनकाठी

अंतराल लिहिताना इथे टोक सोडायचं असेल तर गोल कंसाऐवजी चौकटी कंसच उलट्या तोंडाने लिहितात. त्यामुळे थोडा फरक आहे, पण टोक धरण्याची कल्पना तीच.

खडू_आणि_फळा

जिओजेब्रा हा भूमितीचा संगणक प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिथे तुम्ही मोठा ए लिहून बरोबर (1, 2) दिलंत तर बिंदू मिळतो, छोटा ए लिहून तेच दिलंत तर सदिश (लांबी आणि दिशा दाखवणारा बाण) मिळतो. म्हणजे अक्षराच्या आकारावरून प्रोग्रॅम वस्तूचा प्रकार ठरवतो. मुलांना हे करून दाखवलं की "मोठं अक्षरच का" हा वाद संपतो. त्रिकोण काढला की बाजूंना छोटी अक्षरं आपोआप पडतात आणि तीही समोरच्या शिरोबिंदूप्रमाणेच.

आणि हस्ताक्षराबद्दल: रेषेला छोटा एल देताना तो वळणदार काढायला शिकवा. सरळ काढला की एक आकडा दिसतो. ओ हे अक्षर शक्यतो वर्तुळकेंद्राला किंवा आरंभबिंदूला राखून ठेवा, भलत्या बिंदूला दिलं की शून्य वाटतं.

कुंचला

नावं न देताच भूमिती करायचाही प्रयत्न झालेला आहे. ऑलिव्हर बर्नने 1847 साली लंडनमध्ये युक्लिडची पहिली सहा पुस्तकं अक्षरांऐवजी रंगांत छापली. लाल रेषा, निळा कोन, पिवळा त्रिकोण, आणि वाक्यात नावाच्या जागी तोच रंगीत तुकडा. डोळ्यांना मेजवानी आहे. पायथागोरसचं प्रमेय त्यात बघाच.

पाटीपेन्सिल

कुंचला, रंगीत खडूंनी मीही समान कोन रंगवते, त्याने मुलांना आकृती पटकन दिसते. पण रंगीत तुकडा तोंडाने वाचता येत नाही, फोनवर सांगता येत नाही, आणि काळ्या शाईने लिहायच्या उत्तरपत्रिकेत उतरवता येत नाही. "कोन एबीसी" म्हटलं की ज्याच्यासमोर आकृती नाही तोही कागद घेऊन ती काढू शकतो. रंग बघायला आणि अक्षरं बोलायला, दोन्ही हवंच.

आता चौकोन राहिला. कुणी लिहिणार का?

सह्यकडा

मी लिहितो. त्रिकोणाची तीन अक्षरं कशीही लिहा, सहाच्या सहा नावं त्याच त्रिकोणाची. मुलांना इथेच सवय लागते की अक्षरं कशीही फिरवली तरी चालतं. चौकोनाला चार अक्षरांचे 24 क्रम होतात, पण एका चौकोनाला त्यांतले आठच चालतात: कुठल्याही शिरोबिंदूपासून निघा, दोहोंपैकी कुठल्याही दिशेने फिरा, चार गुणिले दोन. पंचकोनाला दहा, षट्कोनाला बारा. त्रिकोणालाही खरं तर हाच नियम आहे, तीन दुणे सहा. योगायोगाने तेवढेच क्रम शक्य असतात म्हणून तो जाणवत नाही.

24 मधून आठ-आठ गेले म्हणजे त्याच चार बिंदूंवर तीन वेगळ्या आकृत्या. चौरस एबीसीडी काढा आणि एबीडीसी या क्रमाने बिंदू जोडा. दोन बाजू कर्णांवरून जातात आणि एकमेकींना छेदतात, डमरूसारखा आकार होतो. शाळेच्या व्याख्येत तो चौकोन नाही.

उंबरठा

मग तिन्ही क्रमांपैकी एकच खरा चौकोन देतो, असं म्हणायचं का? तसं असेल तर क्रम कसाही लिहिला तरी वाचणारा खरा चौकोन ओळखून घेईल.

सह्यकडा

नाही ना! चौरसासारखे चार बिंदू असतील तर एकच. पण त्रिकोण एबीसी काढा आणि डी बिंदू त्याच्या आत घ्या. आता एबीसीडी, एबीडीसी आणि एसीबीडी तिन्ही क्रमाने जोडून बघा. कुठेही बाजू एकमेकींना छेदत नाहीत. तिन्ही चांगले अंतर्वक्र (एक कोपरा आत वळलेले) चौकोन आहेत, तिन्हींचं क्षेत्रफळ सहसा वेगळं, आणि प्रत्येकात मूळ त्रिकोणाची एक-एक बाजू गळलेली: पहिल्यात एसी, दुसऱ्यात बीसी, तिसऱ्यात एबी. "ए, बी, सी, डी शिरोबिंदू असलेला चौकोन" एवढंच म्हटलं तर इथे तिघांपैकी कुठला हे वाचणारा ओळखूच शकत नाही.

पाटीपेन्सिल

हे मी आठवीच्या वर्गाला घेणार. आधी प्रत्येकाला आतला बिंदू देऊन "चौकोन काढा" एवढंच सांगते, मग शेजाऱ्याच्या वहीत डोकवायला लावते, आणि त्यानंतर प्रत्येकाने आपल्या चौकोनाचं नाव फळ्यावर लिहायचं. सह्यकडा, डी बिंदू मध्यगा संपातावर (तिन्ही मध्यगा जिथे मिळतात तिथे) घेतला तर तिन्ही क्षेत्रफळं सारखीच येतील ना?

सह्यकडा

हो. मध्यगा संपाताला शिरोबिंदूंशी जोडलं की मूळ त्रिकोणाचे तीन समान क्षेत्रफळाचे भाग होतात, आणि प्रत्येक चौकोनात त्यांतला एक भाग गळतो. म्हणजे तिन्हींचं क्षेत्रफळ मूळ त्रिकोणाच्या दोन तृतीयांश. वर्गात आधी डी दुसरीकडे कुठेतरी घ्या, हा बिंदू दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.